इयत्ता पाचवी, मुलगी एक

वर्गात एकटीच मुलगी असली की पहिला नंबर कधी चुकत नाही, हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती हसतात. शेवटचा नंबरही तिचाच असतो, हे मात्र सांगत नाही. सोलापुरात गिरणीच्या पलीकडच्या वस्तीत म्युनिसिपालटीची मुलींची एक शाळा होती आणि त्या शाळेत जवळजवळ वर्षभर पाचवीचा अख्खा वर्ग म्हणजे मी होते. हेडबाई हजेरी घ्यायला बसायच्या, माझं नाव पुकारायच्या, मी 'हजर' म्हणायची, की संपली हजेरी. पुढे जन्मभर मी मास्तरकी केली. वर्गातल्या गोंगाटाने सोबतच्या बायांचं डोकं उठायचं, त्या कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या आणि मला म्हणायच्या, "गोदाबाई, तुम्हाला कसं सहन होतं हो?" मला तो गोंगाट हवासा वाटायचा. पोरं गप्प बसली की उलट मलाच काही सुचेनासं होई.

आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये मागावर कामाला होते. आई मला कळायच्या आधीच गेली. तिची आठवण मला नाही आणि नसलेली आठवण रंगवून सांगायची मला सवय नाही, म्हणून तिच्याविषयी एवढंच. तिच्यामागे घर सांभाळायला करकंबहून आत्या आली. आत्या आप्पांची थोरली बहीण. तिला नवऱ्याने टाकली होती. का टाकली ते ती दर वेळी निराळं सांगायची. एकदा म्हणाली सासू वाईट होती, एकदा म्हणाली नवरा बुळा होता, आणि एकदा रागाच्या भरात म्हणाली, "माझं तोंड न्हाई का हे, त्यानं घात केला." हे तिसरं कारण मला सगळ्यांत खरं वाटतं.

पण या तोंडाला आमच्या घरात फार वाव नव्हता. आप्पांना बहुतेक रातपाळी असायची. सकाळचा भोंगा झाला की ते कापसाच्या तुसाने पांढरे झालेले केस घेऊन घरी यायचे, मुकाट्याने जेवायचे आणि आतल्या खोलीत झोपायचे. मग संध्याकाळपर्यंत घरात आवाज म्हणून करायचा नाही. भांडं वाजवायचं नाही, दाराची कडी वाजवायची नाही, हसायचं नाही, मोठ्याने वाचायचं तर मुळीच नाही. शेजारणीशी भांडायचं झालं तर आत्या कुजबुजत भांडायची आणि राहिलेलं हातवाऱ्यांनी पुरं करायची. एकदा तर समोरची बाई तोंडाने ओरडते आहे आणि आत्या नुसते हात नाचवते आहे, असं भांडण मी पाहिलं, आणि त्यातही आत्याच जिंकली होती.

खाण्यापिण्यावरसुद्धा आप्पांच्या झोपेचा हुकूम चाले. भाकरी थापल्याचा आवाज होतो म्हणून आत्या पहाटेच आप्पा यायच्या आत भाकरी उरकायची. आठवड्याची कडक भाकरी करून ठेवलेली असे, पण ती मोडताना कडकड आवाज होतो, म्हणून मी ती आमटीत भिजत घालायची आणि मऊ होईपर्यंत वाट बघत बसायची. शेंगाची चटणी कुटायची ती आप्पा पाळीवर गेल्यावर. उखळाचा तो धप्प धप्प आवाज, तिखटाचा खाट, आणि त्या आवाजाच्या आड आत्या दिवसभराचं साठवलेलं बोलून घ्यायची. तेवढा एक तास आमचं घर घरासारखं वाटे. बाकी दिवसभर मी ओठ हलवत, आवाज न काढता वाचत बसलेली असायची. वस्तीला मात्र आवाजाची वाण नव्हती. पलीकडच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं, दर घरात खड्ड्यातले हातमाग, पहाटेपासून खटक-खटक चालू. गल्लीभर रंगवलेलं सूत वाळत टाकलेलं आणि त्याला खळीचा आंबूस वास. माझं सगळं लहानपण शेजारच्या आवाजावर गेलं.

म्हणून मला शाळा आवडायची. तिथे मोठ्याने वाचलं तर कुणी डोळे वटारत नसे. शाळा म्हणजे कौलारू दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीपुढे कडुलिंब. त्या काळी म्युनिसिपालटीच्या मुलांच्या शाळा सातवीपर्यंत असत आणि मुलींच्या बहुतेक चौथीपर्यंत. मुलीला पत्र वाचता आलं आणि वाण्याचा हिशेब कळला की तिला पुरे, असा सगळ्यांचा हिशेब होता. आमच्या हेडबाईंनी मात्र पाठपुरावा करून पाचवीचा वर्ग मंजूर करून आणला होता. हेडबाई पुण्याहून शिकून आलेल्या, लहानपणीच विधवा झालेल्या, पांढरं पातळ नेसायच्या आणि कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. चौथी आणि पाचवी त्या एकाच खोलीत शिकवायच्या, उजवीकडे तोंड केलं की चौथी, डावीकडे केलं की पाचवी. पाचवी झाली की मुलांच्या शाळेतून पुढच्या परीक्षा देता येतात, सातवीची फायनल पास झाली की मुलीला मास्तरीण होता येतं, हे त्यांनीच आत्याला सांगितलं होतं. आत्याने ते गाठीला बांधून ठेवलं. "माझ्यावाणी दुसऱ्याच्या चुलीम्होरं बसून दिस काढू नगं," असं ती मला चटणी कुटताना म्हणायची. तेवढं बोलताना तिच्या आवाजात भांडण नसे.

पाचवी सुरू झाली तेव्हा आम्ही पाच मुली होतो. मग कायद्याची आवई उठली. चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही, केलं तर सरकार दंड करणार, असा कायदा येतोय म्हणून गावभर झालं. आता कुणाला वाटेल, मग काय, पोरी शाळेत राहिल्या असतील. कशाच्या! कायदा लागू व्हायच्या आत उरकून घ्या म्हणून लोकांनी जी घाई केली ती विचारू नका. त्या लग्नसराईत वाजंत्री मिळेना. एकाच मांडवात थोरलीबरोबर धाकटी, धाकटीबरोबर पाळण्यातली, अशा बहिणी बहिणी उजवल्या. मुलींच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने आमचा वर्ग महिन्याभरात रिकामा केला. पुढे अनेक साहेब लोकांची भाषणं मी खुर्चीवर बसून ऐकली. मुलींच्या उद्धाराचा विषय निघाला की मला ती वाजंत्रीच ऐकू येते.

मी तेवढी राहिले ती आत्यामुळे. मलाही बघायला पाहुणे आले होते. आत्याने त्यांना गूळ-पाणी दिलं, पानसुपारी दिली, आणि मग विचारलं, "नवरदेवाला वाचाया येतंय का?" पाहुणे म्हणाले, नाही. आत्या म्हणाली, "मग आमच्या पोरीनं वाचल्यालं कळंल कसं त्याला?" पाहुणे उठून गेले. आप्पा झोपेतून उठले तेव्हा त्यांना हे कळलं. ते फार चिडणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी शेवटचं सांगून टाकलं.

"टेंभुर्णीला आपल्या भावकीनं एक जागा बगून ठिवलीय. बिजवर हाय, पर भुसाराचं दुकान हाय. शाळा हाय तवर हाय. ती सपली की मी टेंभुर्णीला कळिवणार."

"आन् कायदा?" आत्या म्हणाली.

"कायदा सोलापुरात. टेंभुर्णीत कोण बगतंय?"

तेव्हा माझ्या आणि टेंभुर्णीच्या मध्ये फक्त पाचवीचा वर्ग उभा होता. हे मला लहान असूनही चांगलं कळत होतं.

लग्न झालेल्या मुली लगेच सासरी गेल्या असत्या तर एक वेळ बरं झालं असतं. पण त्या न्हात्या-धुत्या होईपर्यंत माहेरीच राहायच्या. म्हणजे चौघीही तिथेच, त्याच गल्ल्यांत. रोज नळावर दिसायच्या. पण आता लुगडी नेसलेल्या, कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. लग्न झालेली पोर शाळेत पाठवायची नाही, व्याह्यांना काय वाटेल, म्हणून घरीच बसवलेल्या. पहिल्यांदा मी धावत जाऊन बोलायची. त्याही बोलायच्या, पण त्यांचं बोलणं बदललं होतं. आमच्या सासूबाई, आमचे दीर, आमच्याकडचं जातं. चंद्रा म्हणून एक खट्याळ मुलगी होती, तिचं हसू तेवढं जुनं होतं, पण तीही मला एकदा म्हणाली, "तुला न्हाई कळायचं गोदे, तुझं अजून व्हायचंय." तेव्हापासून मी नळावर सगळ्यांच्या मागून जाऊ लागले. दुपारच्या सुट्टीत चौथीच्या मुली लिंबाखाली फुगडी घालायच्या. त्या मला मोठी समजून खेळात घेत नसत, आणि नळावरच्या मला लहान समजत. मी ओसरीच्या पायरीवर बसून डावा हात विरुद्ध उजवा हात असे सागरगोटे खेळायची. उजवाच जिंकायचा.

सगळ्यांत जास्त मला नरसू आठवायची. नरसम्मा तिचं पूर्ण नाव, विणकराची मुलगी, घरी तेलुगू बोलणारी. आणि गंमत अशी की आमच्या सगळ्यांत उत्तम मराठी वाचायची ती हीच. आम्ही मराठी घरातल्या मुली अक्षरावर बोट ठेवून अडखळायचो आणि नरसू सुसाट. तिचे डोळे ओठांच्या पुढे धावत. ओठ या ओळीवर असले तरी तिला खालच्या दोन ओळींतलं माहीत असे, आणि पुढे काही गमतीचं येणार असेल तर ती आधीच हसायला लागे. शाळेतून घरी गेली की ती वडलांच्या मागाशेजारी बसून कुठलाही कागद वाचायची, पुडीचा असो की जाहिरातीचा. मागाच्या आवाजावरून तिला मोठ्याने वाचावं लागे. मी तिच्या घरी जाऊन बसायची ती तेवढ्याचसाठी. तिचं लग्न निजामाच्या मुलखातल्या विणकराच्या घरी झालं. नवऱ्याचं नाव नारायण. तिला स्वतःला मी हे नाव विचारलं तर तिने तोंडावर पदर घेतला. तिच्या धाकट्या बहिणीने सांगितलं.

अशात एके दिवशी हेडबाई आमच्या घरी आल्या. बाई कधी कुणाच्या घरी जात नसत. आप्पा आत झोपलेले, म्हणून सगळं बोलणं कुजबुजत झालं. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डिप्टी इन्स्पेक्टर, पुढच्या आठवड्यात येणार होते. एका मुलीवर वर्ग चालत नाही. ते पाहतील आणि पाचवी बंद करतील.

"बंद म्हंजी?" आत्याने विचारलं. "पोरी न्हाईत म्हून? पोरी हितंच हायेत की. रोज नळावर दिसत्यात."

"अहो, त्यांची लग्नं झाली."

"लग्न झालं म्हून वाचाया यायचं थांबतंय व्हय? एक दिस बसू द्या वर्गात. आपुन मीठ उसनं आणतो, विस्तू उसना आणतो, पोरी आणू की."

बाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खोटं होईल ते."

"खोटं कुटलं? पोरी खऱ्या हायेत," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आत्या घरोघर फिरली. असल्या कामात तिचं तोंड सत्कारणी लागायचं. कुणाला गोड बोलली, कुणाला जुना उपकार आठवून दिला, चंद्राच्या आईला तर "उद्या तुझ्या पोरीला नवऱ्यानं टाकली म्हंजी तुला माझी आठवण हुईल" असा शापच देऊन आली आणि तरी होकार घेऊन आली. नरसूच्या घरी मी बरोबर होते. नरसूची आई मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरत होती. तिने एकच गोष्ट धरून ठेवली: गळ्यातलं निघणार नाही. तेलुगू घरांत मंगळसूत्राला पुस्ते म्हणतात. "पुस्ते न्हाई काडायचं. काय बी करा," ती म्हणाली. आत्या म्हणाली, काढायचं नाहीच, पोलक्याच्या आत सोडायचं. नरसू तेव्हा भिंतीला टेकून उभी होती. आईने हो म्हटलं तशी ती माझ्याकडे बघून हसली, तेच जुनं, पुढची ओळ माहीत असल्याचं हसू. त्या रात्री मला फार आनंद झाला होता. वर्ग वाचेल म्हणून की एक दिवस का होईना चौघी येतील म्हणून, ते आता सांगता यायचं नाही.

तपासणीच्या सकाळी चौघी आल्या. लुगड्यावर कसं चालेल, म्हणून परकर-पोलकं. पण त्यांचे परकर धाकट्या बहिणींना देऊन टाकलेले, ते परत मागून घातले होते. चंद्राच्या पोलक्याचं एक बटण लागत नव्हतं. कुंकू पुसून बारीक केलं होतं. बांगड्या सुवासिनीने उतरवायच्या नाहीत म्हणून त्या कोपरापर्यंत वर सारून घट्ट बसवल्या होत्या. पायांतली जोडवी काही केल्या निघेनात, तेव्हा मांडी घालून त्यावर परकर पसरायचा असं ठरलं. बाईंनी आदल्या दिवसांत त्यांच्या घरी माझ्या हातून घटकाघटकाभर पुस्तक पाठवून पहिले दोन धडे तयार करवून घेतले होते. आम्ही पाचजणी ओळीने बसलो. नरसू माझ्या शेजारी. तिच्या अंगाला खळीचा वास होता. बाईंनी हजेरी घेतली, पाच वेळा 'हजर' झालं, आणि मला रडू आलं. नरसूने मला कोपराने ढोसलं.

दिपोटीसाहेब वयस्क होते. उंच काळी टोपी, लांब कोट, आणि सोलापूरच्या उन्हाने लाल झालेला चेहरा. चौथीची तपासणी त्यांनी भराभर उरकली आणि डावीकडे वळले. माझ्याकडून एक त्रैराशिक सोडवून घेतलं, चंद्राला नद्यांची नावं विचारली. मग बाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं. पहिल्या दोन धड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पुस्तक शेवटाकडे उघडलं आणि नरसूसमोर धरलं. "बाळ, तू वाच."

नरसू उभी राहिली. तो धडा मी वाचलेला होता, एकटीने. एका नदीला पूर येतो, काठावर एक कुटुंब अडकतं, आणि एक नावाडी त्यांना पैलतीरी न्यायला होडी घालतो. नरसू वाचू लागली. कितीतरी दिवसांनी मी तिचं वाचन ऐकत होते, आणि मागाचा आवाज नसल्यामुळे इतकं स्वच्छ तर कधीच ऐकलं नव्हतं. चौथीच्या मुलीही गप्प झाल्या. दिपोटींनी मान डोलावली. बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आनंद पाहिला. आणि पान उलटल्यावर नरसू थांबली.

"हं, वाच," दिपोटी म्हणाले.

ती वाचेना. मला एकदम आठवलं. त्या पानावर, वरच्याच ओळीत, नावाड्याचं नाव होतं. नावाड्याचं नाव नारायण.

"अडलं का? अक्षर लाव. सोपा शब्द आहे."

नरसूची मान खाली. तिचे डोळे पानावर, ओठ मिटलेले. ती दुसरं काही नाव घालून वाचू शकली असती, पण पुस्तकात असेल ते सोडून दुसरं वाचणं तिला कधी जमलंच नाही. दिपोटींनी पुन्हा सांगितलं, बाईंनी सांगितलं. बाईंना तिच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं, नाहीतर त्या काहीतरी बोलल्या असत्या. मी तोंड उघडलं, पण मधे बोलायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात चंद्राने मान लांब करून पुस्तकात पाहिलं. तिला ते दिसलं आणि तिला हसू आवरेना. लग्नघरात, हळदीकुंकवात, उंबऱ्यावर अडवून बायका जे म्हणतात तेच सवयीने तिच्या तोंडून निघालं.

"नाव घे की गं! उखाण्यात घे!"

बाकीच्या दोघीही खुदकन हसल्या. दिपोटींनी पानाकडे पाहिलं, मग नरसूच्या पायांकडे. जोडवी दिसत होती. मग बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा त्यांच्या पातळासारखा पांढरा झाला होता. मला टेंभुर्णीचं दुकान दिसायला लागलं, न पाहिलेलं.

दिपोटींनी पुस्तक मिटलं. नरसूला म्हणाले, "बस, बाळ." मग आम्हा पाचजणींना विचारलं, "तुमच्यापैकी उद्या शाळेत कोण येणार आहे?"

मी हात वर केला. एकटीनेच. तो तसाच वर धरून मी बसले, आणि त्या वर्षात वाटलं नव्हतं इतकं मला तेव्हा एकटं वाटलं. शेजारी चौघी बसलेल्या असून.

दिपोटींनी मला हात खाली घ्यायला खुणावलं. मग म्हणाले, "बरं. यावंसं कुणाला वाटतं?"

पहिला हात नरसूचा वर गेला. मग चंद्राचा. मग बाकीच्या दोघींचे. पोलक्याच्या बाह्या मागे सरल्या आणि वर सारलेल्या बांगड्या खळकन वाजल्या, चौघींच्या, एकामागून एक. दिपोटी ते हात बघत राहिले. खिशातून रुमाल काढून टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

जाताना ओसरीवर ते बाईंशी बोलले ते मला आतून ऐकू आलं. "पाचवीचा वर्ग मला दाखवता येणार नाही, बाई. तो बंद झाला असं मी लिहीन. पण ती एक मुलगी चौथीच्या खोलीत डाव्या हाताला बसते, तिला कोणी उठवावं असंही मी कुठे लिहिणार नाही. परीक्षेला तिला मुलांच्या शाळेत पाठवा. मी तिथल्या मास्तरांना सांगतो." बाईंनी नुसता नमस्कार केला. मी आतल्या आत टेंभुर्णीला रामराम ठोकला. संध्याकाळी आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने आप्पा झोपले आहेत हे विसरून अशी आरोळी ठोकली की आप्पा गिरणीला आग लागली समजून बाहेर आले.

पण त्याआधी, शाळा सुटल्यावर, नरसू आणि मी पायरीवर बसलो होतो. तिघी गेल्या होत्या. नरसूने पोलक्यातून पुस्ते बाहेर काढून नीट केलं, कपाळावरचं कुंकू अंदाजाने बोटाने मोठं केलं. परकर तिला बहिणीला परत द्यायचा होता. मी म्हटलं, "तो धडा अर्धाच राहिला तुझा." तिने मान हलवली. पुढे काय होतं ते मला माहीत होतं. असल्या धड्यांत चांगल्या माणसाला मारल्याशिवाय लिहिणाऱ्याचं समाधान होत नाही. नावाडी सगळ्यांना पोचवतो आणि शेवटच्या खेपेला बुडतो. नरसूला हे सांगायचं मला धाडस होईना, कारण नाव तिच्या नवऱ्याचं.

"पोचला तो," मी म्हटलं. "सगळ्यांना घेऊन पैलतीराला लागला."

नरसू माझ्याकडे बघायला लागली.

"न्हाई," ती म्हणाली. "बुडाला त्यो. वाचलं की म्या. दिपोटी वाच वाच म्हनत हुते तवा समदं पान मनात वाचून काडलं. शेवटपर्यंत."

ती उठली, परकर झटकला, दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा वळली. तिचे डोळे भरले होते.

"गोदे, दिपोटी परत येतील नव्हं? त्यान्ला एवडं सांग. म्हनावं, नरसूला वाचाया येत हुतं."

मी हो म्हटलं. पुढच्या पावसाळ्याआधीच तिची पाठवणी झाली. ती गेली त्या गावाचं नाव मला नीट माहीत नव्हतं, आणि तिची माझी पुन्हा भेट झाली नाही. परीक्षेला मुलांच्या शाळेत मी गेले तेव्हा तपासायला निराळेच साहेब आले होते. आमच्या दिपोटींची बदली झाली होती. ते कुठे गेले ते बाईंनाही सांगता आलं नाही. मी मास्तरीण झाल्यावरही कितीतरी दिवस कुठल्याही तपासणीला साहेब आले की आधी त्यांची टोपी बघायची, चेहरा बघायची. ते कधी आले नाहीत. आज ते नाहीत, नरसू असेल की नाही मला ठाऊक नाही, आणि मीही फार दिवसांची नाही. निरोप माझ्याजवळच राहिला आहे. तो आता इथे पोचता करते. दिपोटीसाहेब, नरसूला वाचता येत होतं.